आमच्या मैदानावरचा हॉल

सोलापुरात ज्याला सगळे नुसतं 'इनडोअर' म्हणतात, त्या जागी आधी काही नव्हतं असं लोक सांगतात. पडीक जागा होती, बाभळी होत्या, रात्री तिकडं कुणी जात नसे, असं. बाभळी होत्या हे खरं. पण त्या आम्ही तोडल्या. त्या जागी आमचं मैदान होतं.

मुलींच्या शाळेच्या मागं ती मोकळी जागा होती. काळी माती. पावसाळ्यात पाय रुतायचा आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या. आमच्या पीटीच्या बाईंनी कुठून कुठून मुरूम मिळवला. आम्ही मुलींनी तो पाट्यांनी वाहून पसरला, दगडी रूळ ओढला, सडा घालून दाबला. मग त्यावर चुन्याच्या फक्कीनं आखलेली कबड्डीची चौकट इतकी देखणी दिसली, की पहिल्या दिवशी तिच्यावर पाय ठेवायला जिवावर आलं होतं.

बाई अक्कलकोटकडच्या. घरी कन्नड बोलणाऱ्या. लग्न केलं नव्हतं. पाचवारी साडीचा पदर कमरेला खोचून त्या स्वतः आमच्यात उतरायच्या आणि पकड कशी करायची ते करून दाखवायच्या. आमचा दम पार संपला की म्हणायच्या, "साकु." म्हणजे पुरे. तो शब्द ऐकायला आम्ही आसुसलेल्या असायचो, आणि तो त्या फार उशिरा उच्चारायच्या.

मी विणकराची मुलगी. घरी तेलुगू. नायना, म्हणजे वडील, दुसऱ्याच्या मागावर चादरी विणायचे, अम्मा घरी विड्या वळायची. शाळेतून आल्यावर मलाही मांडीवर सूप घेऊन बसावं लागे. माझ्या वाटणीच्या विड्या झाल्या तरच खेळायला जायचं, असा अम्माचा नियम. त्यामुळे माझी बोटं फार भराभर चालायची. बाई म्हणायच्या, या बोटांत एकदा घोटा आला की सुटायचा नाही. मी उजव्या कोपऱ्यात उभी राहायची.

चढाईला जायची ती माझी मैत्रीण. टांगेवाल्याची मुलगी. बारीक, काळीसावळी, हसताना तोंडावर हात धरणारी. पण 'कबड्डी कबड्डी' म्हणत मध्यरेषा ओलांडली की तिचं रूप पालटायचं. समोरच्या पोरी मागं सरकायच्या. ती उडी मारून त्यांच्या डोक्यावरून येते की काय असं वाटायचं. मी आजवर तिच्यासारखी चढाई कुणाची पाहिली नाही, आणि आता टीव्हीवर खूप कबड्डी बघते.

मैदानाच्या एका बाजूला बुटकी भिंत होती. गिरणीची पाळी सुटली की माणसं तिच्यावर येऊन बसायची. काही खेळ बघायला यायची. बरीचशी आम्हाला बघायला यायची. पकडीत दोघीतिघी एकीवर पडल्या की भिंतीवरून शिट्ट्या यायच्या. बाई मध्येच खेळ थांबवून तिकडं जायच्या, माणसं पांगायची आणि पुन्हा जमायची. एकदा नायनांच्या कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना म्हटलं, "तुजी पोरगी चड्डी घालून मातीत लोळती, आन् गाव बसून बघतंय की."

नायना मला कधी मारत नसत. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "खेळ. पण भिंतीआड खेळ. चार लोकांच्या पुढ्यात नको."

असं एकट्या माझ्या घरी झालं नाही. संघातल्या दोन मुली यायच्या बंद झाल्या. तेव्हा बाईंच्या डोक्यात आलं की या मुलींना चार भिंती आणि वर छप्पर मिळालं पाहिजे. मग त्यांचे बाप काही बोलणार नाहीत.

शहरात एक क्रीडा मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष सुताचे व्यापारी, माणूस बोलायला गोड. बाई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा मला आणि माझ्या मैत्रिणीला बरोबर घेऊन गेल्या. आम्ही गादीच्या कडेला अंग चोरून बसलो होतो. अध्यक्षांनी आमच्यासाठी सरबत मागवलं.

"किती पोरी खेळतात?"

"आता थोड्या आहेत. भिंती झाल्या तर शाळाच्या शाळा येतील," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही नुसत्या तुमच्या मुलींचं बोलता. आपण सगळ्या सोलापूरचं बोलू की. मोठा हॉल करू. पुण्या-मुंबईच्या लोकांनी येऊन बघावा असा. पण जागा कुठं आहे?"

"जागा आहे," बाई लगेच म्हणाल्या. "आमचं मैदान आहे."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढं लोक म्हणू लागले की मुलींचं मैदान बळकावलं. बळकावलं नाही. आम्ही हातानं दिलं. शाळेच्या मोठ्या बाई तयार नव्हत्या, तर त्यांच्याकडं खेटे घालून आमच्या बाईंनीच त्यांचं मन वळवलं. हॉल झाल्यावर सकाळ-संध्याकाळ आधी मुलींना मिळेल, असा शब्द अध्यक्षांनी चारचौघांत दिला होता.

पाया खणला आणि बहात्तरचा दुष्काळ आला. नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही रोज नाही. मैदानाच्या कोपऱ्यातली विहीर तेवढी पाणी धरून होती. भिंती उठू लागल्या, तशी त्यांच्यावर पाणी मारायला कुणी मिळेना. मजूर सगळे सरकारी कामावर खडी फोडायला गेलेले. बाई म्हणाल्या, "आपल्या भिंती आहेत, आपण पाणी मारू." मैदान तर खणलेलंच होतं, खेळायचं कुठं? आम्ही खेळाच्या वेळी रांग लावून विहिरीतून बादल्या उपसायचो आणि भिंतींवर ओतायचो.

त्याच विहिरीवर आसपासच्या वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असायच्या. एक म्हातारी होती, तिनं एकदा मला धरलं. म्हणाली, "पोरी, भिंतीला पाजतीस व्हय? मग आमी कुटं जावं?"

बाईंनी माझ्या हातातली बादली घेऊन तिच्या घागरीत ओतली. मग रोज आधी बायकांच्या घागरी, मग भिंत, असं ठरलं. तरीसुद्धा ती म्हातारी आमच्याकडं बघायची ती नजर काही बदलली नाही. मी स्वतः अम्मासाठी तिथूनच घागर न्यायची, त्यामुळे तिचं बरोबर आहे हे मला कळत होतं.

त्या काळात आम्ही टांग्यांच्या अड्ड्यामागं सराव करायचो. माझ्या मैत्रिणीचे अब्बा घोडी बाहेर बांधायचे, लीद काढून जागा झाडून द्यायचे. लेकीचा खेळ त्यांनी कधी उभं राहून बघितला नाही, पाठ करून बसायचे. पण कुणी डोकावायला लागलं तर चाबूक हातात घेऊन उठायचे. त्या अरुंद जागेत खेळून ती राज्याच्या संघाच्या शिबिरासाठी निवडली गेली. आमच्या शाळेतून अशी निवड आधी कुणाचीच झाली नव्हती. बाईंनी सगळ्यांना पेढे वाटले आणि स्वतः बाजूला जाऊन डोळे पुसले.

दुष्काळ सरला. हॉलवर पत्र्याचं गोल छप्पर चढलं. लांबून बघितलं की आमचा ऊर भरून यायचा. एके दिवशी आम्ही आत गेलो, तर एका टोकाला गवंडी उंच चौथरा बांधत होते.

बाईंनी अध्यक्षांना विचारलं, "हे काय?"

"स्टेज."

"कबड्डीला स्टेज कशाला?"

"बाई, नुसत्या कबड्डीवर एवढा हॉल चालतो का? गाण्याचे कार्यक्रम होतील, नाटकं होतील. लग्नाला दिला तर चार पैसे येतील. त्याच्यावरच तुमच्या मुली खेळतील."

बाईंना ते पटलंही असावं. पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा फरशी घालत होते. गुळगुळीत घोटलेली शहाबादी फरशी. बाईंनी पहिल्यापासून सांगितलं होतं की खाली माती हवी, चाळलेली, मऊ. त्या फरशीवर चप्पल काढून उभ्या राहिल्या आणि टाचेनं दोन वेळा दाबून पाहिलं. बाहेर आल्यावर आम्हाला म्हणाल्या, "यावर खेळायचं नाही. कुणीही सांगितलं तरी."

उद्घाटनाला मुंबईहून मंत्री येणार होते. त्या दिवशी सकाळीच अध्यक्ष शाळेत आले. मंत्र्यांपुढं मुलींचा प्रदर्शनीय सामना व्हायला पाहिजे म्हणाले, त्यानंतर वाद्यवृंद.

बाई म्हणाल्या, "फरशीवर मुली खेळणार नाहीत."

"सतरंज्या टाकतो की. सोलापुरात सतरंज्यांना काय तोटा? जाडजूड, नव्याकोऱ्या."

"सरकतील."

"कडेला माणसं बसवू दाबून." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाई, आज मुली दिसल्या नाहीत, तर उद्या हॉलमध्ये त्यांना वेळ द्या असं मी कुणाला कसं सांगू?"

बाईंनी आमच्याकडं पाहिलं. आणि आम्ही, खोटं कशाला सांगू, आम्हाला खेळायचं होतं. एवढे दिवे, एवढी माणसं, तिकीट काढून आलेली, खुर्च्यांवर बसलेली. भिंतीवर बसून शिट्ट्या मारणारी नव्हेत. माझ्या मैत्रिणीनं तर आधीच पट्टीनं वेणी बांधून घेतली होती. ती म्हणाली, "बाई, खेलते की. कुछ नई होता."

बाईंनी होकार दिला.

सामना सुरू झाला तेव्हा हॉल गच्च भरला होता. मंत्री पहिल्या रांगेत. त्यांच्यामागं शहरातली मोठी माणसं, त्यांच्या बायका. पहिल्या दोन चढाया व्यवस्थित झाल्या, टाळ्या पडल्या. तिसरीला माझी मैत्रीण गेली. मी समोरच्या बाजूला नव्हते, तिच्याच संघात होते, मागं उभी. तिनं डावीकडं हूल दिली आणि उजवा पाय रोवून वळली. तेवढ्यात पायाखालची सतरंजी तिच्यासकट घसरली. पाय एकीकडं गेला आणि ती दुसरीकडं. तिचा 'कबड्डी कबड्डी' मध्येच तुटला. तुटण्याआधी गुडघ्यातून जो आवाज आला तो मी अजून कुणाला करून दाखवू शकत नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं ती बाद झाली.

आम्ही धावलो. बाई तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. स्टेजवरून कुणीतरी माइकवर मुलींचे आभार मानले आणि आता संगीताचा कार्यक्रम सुरू होत आहे असं जाहीर केलं. तिला आम्ही सतरंजीवरच उचलून मागच्या दारानं बाहेर काढलं. दारात वादक पेट्या घेऊन उभे होते, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. बाहेर तिच्या अब्बांचा टांगा होता. घोडी हाकताना त्यांच्या हातातला चाबूक खाली पडला तो त्यांना उचलता येईना, मी उचलून दिला.

आमच्यामागं हॉलमध्ये गाणं सुरू झालं होतं.

तिचा पाय जोडला, पण सरळ झाला नाही. शिबिर तिच्याविना झालं. बाई अध्यक्षांकडं गेल्या तेव्हा ते म्हणाले, "खेळात लागतंच, बाई." सफरचंदांची एक करंडी त्यांनी तिच्या घरी पाठवली. अब्बांनी ती घोडीपुढं ठेवली.

तरी बाईंनी हॉलचा नाद सोडला नाही. अर्धी फरशी उखडून माती भरून द्या, म्हणून त्या मागणी करत राहिल्या. हॉलमध्ये लग्नं होत होती, साड्यांचे सेल लागत होते, कव्वाल्या होत होत्या, गादी टाकून तिकिटावर कुस्त्या होत होत्या. फरशीच्या मधोमध पांढरा रंग मारून बॅडमिंटनचं कोर्ट आखलं होतं. तिथं सकाळी सरकारी अधिकारी आणि व्यापारी खेळायला यायचे. आम्हाला वेळ मिळायची ती अशी, की आम्ही जायचो आणि पहारेकरी म्हणायचा, आज मांडव घालायचाय, उद्या या.

पंचाहत्तरच्या शेवटी एका संध्याकाळी मोठा वाद्यवृंद होता. आणीबाणी लागलेली. चार माणसं एकत्र उभी राहिली तरी शिपाई येऊन विचारायचा. बाईंनी आम्हाला शाळेत बोलावलं आणि म्हणाल्या, "आज खेळायचं आहे. ज्यांना घरून बोलणी बसतील त्यांनी येऊ नका."

आम्ही सगळ्याच गेलो. हॉलच्या फाटकासमोर, मोटारी आत वळतात त्या मातीच्या जागेवर, बाईंनी फक्कीनं चौकट आखली. माझी मैत्रीण कुबडी बाजूला ठेवून कडेला बसली आणि गुण पुकारू लागली. आम्ही खेळायला लागलो. सात रस्ता चौकाकडून मोटारी येऊन थांबू लागल्या. हॉर्न वाजू लागले. बाई मध्यरेषेवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "खेळा." दिव्यांच्या झोतात आमच्या सावल्या हॉलच्या भिंतीवर पडत होत्या. त्या भिंतीवर पाणी आम्हीच मारलं होतं. मला त्या संध्याकाळी जेवढं चांगलं खेळता आलं, तेवढं आयुष्यात कधी आलं नाही.

अध्यक्ष बाहेर आले. चिडले नाहीत. "बाई, हे तुम्हाला शोभत नाही," एवढंच म्हणाले आणि मागं वळून कुणाला तरी खूण केली. थोड्या वेळानं पोलिसांची गाडी आली. फौजदारांनी आम्हा मुलींना घरी जायला सांगितलं आणि बाईंना गाडीत बसवलं. त्या बसताना आमच्याकडं बघून म्हणाल्या, "साकु."

त्यांना त्याच रात्री सोडलं. पण महिना संपायच्या आत त्यांची बदली झाली, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या एका खेड्यात. त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. त्या लेझीम शिकवायच्या. संघ मोडला.

नायनांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "रस्त्यावर खेळलीस. मी भिंतीआड म्हटलं होतं." त्यानंतर मी विड्या वळायला बसले ती बसलेच.

अठ्ठ्याहत्तरमध्ये माझं लग्न ठरलं. नायना ज्यांच्या मागावर विणायचे ते मालक आता क्रीडा मंडळावर होते. त्यांनी नायनांना हॉल मिळवून दिला. नायना घरी आले ते इतके खुशीत, की अम्माला हाक मारतानाही हसत होते.

मी म्हटलं, "दुसरीकडं करा."

"का? मोठ्या लोकांची लग्नं तिथं होतात. विणकराच्या पोरीचं होतंय, आणि तू नको म्हणतीस?"

मला त्यांना सांगता आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी आधी बघितला नव्हता.

तर मी त्या स्टेजवर बसले. खाली फरशीवर पंगती मांडल्या होत्या. बॅडमिंटनच्या रेघांवरून वाढपी बादल्या घेऊन धावत होते. आहेर घेताना मान खाली घालून मी सगळ्यांच्या पायांकडंच बघत होते. अध्यक्षही आले. आता केस पांढरे झाले होते. आम्ही वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सुखी राहा. वडील काय करतात, बेटा?"

"विणकर आहेत," मी म्हणाले.

"अरे वा," ते म्हणाले आणि पुढं गेले.

माझी मैत्रीण उशिरा आली, अब्बांचा हात धरून. स्टेजच्या पायऱ्या तिला चढवेनात, म्हणून मीच शालू सावरत खाली उतरले. सासरची माणसं बघत होती. ती माझा शालू बोटांनी चाचपत म्हणाली, "अच्छी दिखरी तू."

मी विचारलं, "अध्यक्ष आत्ताच गेले. भेटले तुला?"

"दारपे मिले. मेरेकू देखके पूछे, पैर कू क्या हुआ?"

मग तिनं सांगितलं की बाई मागच्या महिन्यात सोलापूरला आल्या होत्या. तिच्या घरी आल्या, गुडघ्याला लावायला कसलंसं तेल दिलं. गावच्या शाळेत पोरींना खेळवतात, पण पोरी हाताशी आल्या की बाप त्यांची लग्नं करून देतात, संघ काही होत नाही. परत जाताना त्यांनी हॉल एकदा आतून बघायचा म्हटलं. दोघी टांग्यातून इथवर आल्या. फाटकावर पहारेकऱ्यानं बाईंना पास विचारला.

"मग?" मी म्हटलं.

"मग क्या. पास नई था. एसटी का टैम हुआ, चले गए."

तेवढ्यात कुणीतरी मला हाक मारली. पंगत खोळंबली होती, नवरा-नवरी जेवायला बसल्याशिवाय बाकीच्यांना घास घेता येत नव्हता. मी गेले आणि जेवले.